देवडीवरचा माणूस

दाराचा विचार मनुष्य सहसा ते बंद असतानाच करतो. उघडे दार डोळ्यांना दिसत नाही. आपण त्यातून आत जातो आणि आतल्या वस्तूंकडे पाहू लागतो. हैदराबाद शहराला एकेकाळी दगडी तट होता आणि त्या तटाला तेरा दरवाजे होते. त्यांपैकी पुराना पूल आणि दबीरपुरा हे दोनच आज उभे आहेत. परंतु दरवाजा म्हणजे केवळ दगडी कमान नव्हे. कमान, कोणास कोठे जाऊ द्यावे याविषयीचा हुकूम, आणि तो हुकूम अंमलात आणणारा देवडीवरचा पहारेकरी, अशा तीन गोष्टी मिळून दरवाजा होतो. या शहरात तर सरदारांच्या सबंध वाड्यासच 'देवडी' म्हणत. दिवाण देवडी हे नाव अजूनही लोकांच्या तोंडी आहे.

या तीन गोष्टींतील भेद आम्हांस कोणा इतिहासग्रंथाने शिकविला नाही. तो शिकविला संगणकाच्या एका उद्योगाने. तो उद्योग कसा घडला आणि त्यातून काय हाती आले, हे आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांस सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. वर्गात कविता आणि व्याकरण शिकविणे हा आमचा व्यवसाय. तेव्हा पुढे चार यांत्रिक शब्द आले म्हणून कोणी घाबरून पान उलटू नये. जे आम्हांस समजले, ते तुम्हांस खचित समजेल.

आम्ही राहतो दिलसुखनगरला. शहराच्या आग्नेयेकडील हा भाग. विजयवाड्याकडे जाणारा महामार्ग याच्या मधोमध जातो आणि त्या महामार्गाच्या डोक्यावरून २०१८ सालापासून मेट्रो धावते. साईबाबांच्या मंदिरापुढील गुरुवारची रांग, बसचे आगार, कापडाची दुकाने हे सारे येथे आहेच. तथापि या वस्तीचा खरा व्यापार विद्येचा. इमारतींच्या दर्शनी भागांवर शिकवणीवर्गांच्या पाट्या इतक्या दाटीने लागलेल्या असतात की, भिंतीचा रंग कोणता हे सांगणे कठीण. एका पाटीवर बँकेची परीक्षा, दुसरीवर सरकारी नोकरभरती, तिसरीवर संगणकाची एखादी नवी विद्या. तेलंगणाच्या गावोगावची मुले येथील वसतिगृहांत राहून या पाट्यांखालचे जिने चढत असतात. त्यांच्यात आपल्या नांदेड-लातूरकडचीही असतात. खाणावळीत एकाच बाकावर तेलुगू, दखनी आणि मराठवाडी मराठी शेजारी शेजारी जेवताना दिसतात.

आमची मातृभाषा कोकणी. घरी आई आमच्याशी कोकणीत बोलते, आम्ही शाळेत मराठी शिकवितो, भाजीवाली तेलुगूत भाव सांगते आणि रिक्षावाला दखनीत हुज्जत घालतो. आईचे 'दार', भाजीवालीचे 'तलुपु' आणि रिक्षावाल्याचा 'दरवाजा' या तिन्हींतून आमची रोज ये-जा असते. कदाचित यामुळेच दाराच्या गोष्टींकडे आमचे लक्ष चटकन जात असावे.

आता मूळ प्रसंगाकडे येऊ. आपल्या शाळेच्या वार्षिक अंकांचे जुने गठ्ठे ज्या कपाटात आहेत, ते कपाट पुष्कळांनी पाहिले असेल. त्यांतील काही अंकांचा कागद इतका जीर्ण झाला आहे की, पान उलटताना त्याचा कोपरा बोटात येतो. हैदराबाद संस्थानात मराठी शिक्षण हे सहज मिळणारे नव्हते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. अशा दिवसांत विवेकवर्धिनीसारख्या संस्थांनी या शहरात मराठीचे दार लावू दिले नाही. पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि येथे राहिलेली मराठी कुटुंबे एका अर्थाने आपल्याच घरी परगावी झाली. त्या कुटुंबांतील मुलांनी लिहिलेले निबंध, सहलींची वर्णने, आजीच्या आठवणी या अंकांत आहेत. त्या मुलांची मुले आज पुण्यास, मस्कतला, कोठे कोठे आहेत. त्यांस हे अंक वाचावयाचे तर कपाटाची किल्ली मागण्यास येथवर यावे लागते. आणि कागद तर कोणासाठी थांबत नाही.

गेल्या दोन वर्षांत नववीच्या मुलांनी या अंकांची पाने छायांकित केली. पुढचे काम दोघा माजी विद्यार्थ्यांनी अंगावर घेतले. एक मुलगा, मूळचा नांदेड जिल्ह्यातला; दुसरी मुलगी, तिचे घराणे तीन पिढ्या हैदराबादेतले. दोघेही दिलसुखनगरच्या एका वर्गात संगणकाची नवी विद्या शिकत होती. त्यांनी कोठून तरी तीन जुनी गणकयंत्रे मिळविली आणि वसतिगृहात जागा नसल्याने ती आमच्या भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत आणून मांडली. २०२५ च्या दिवाळीच्या सुटीत फराळाचे ताट आणि तारांची भेंडोळी यांनी ती खोली भरून गेली होती.

त्यांनी तीन निरनिराळी कामे योजिली होती. पहिले, जुने अंक वाचावयास देणे. दुसरे, लेखकाच्या वा विषयाच्या नावावरून लेख शोधून देणे. तिसरे, माजी विद्यार्थ्यांची नोंदवही ठेवणे. प्रत्येक कामाचा कार्यक्रम त्यांनी एकेका 'कंटेनरात' भरला होता. हा शब्द बंदरावरचा आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन व्यापाऱ्याने 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजातून एकसारख्या मापाच्या ५८ पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठविल्या. पेटीत काय आहे याच्याशी जहाजास कर्तव्य नाही. पेटीचे माप ठरलेले, म्हणून कोणतीही पेटी कोणत्याही जहाजावर चढते. तीच युक्ती संगणकात आली. कार्यक्रम आणि त्यास लागणारी सर्व सामग्री एका पेटीत बंद करावी, म्हणजे ती पेटी कोणत्याही यंत्रावर चालते. २०१३ साली 'डॉकर' नावाच्या साधनाने ही रीत सर्वत्र पसरविली.

पेट्या पुष्कळ झाल्या की, कोणती पेटी कोणत्या यंत्रावर ठेवावी, एक बिघडली तर दुसरी केव्हा उभी करावी, हे पाहणारा कोणी तरी हवा. ते काम 'कुबरनेटीस' नावाची प्रणाली करते. गूगलने ती २०१४ साली जगापुढे ठेविली. हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ सुकाणू धरणारा, असे त्या मुलीने सांगितले, तेव्हा आमची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हणजे तांडेल!" किनाऱ्यावर वाढलेल्या मनुष्यास याहून अधिक स्पष्टीकरण लागत नाही. तांडेल स्वतः जाळे ओढीत नाही. कोणी कोठे उभे राहावे हे तो सांगतो आणि मचवा बुडू देत नाही.

आम्ही मुलास एकदा विचारले, "अरे, तीन लहान कामांसाठी एवढा मोठा तांडेल कशाला? एका यंत्राने भागले नसते का?" तो हसून म्हणाला, "भागले असते, सर. पण नोकरीच्या मुलाखतीत विचारतात ते हेच. शाळेचे अंकही लोकांना मिळतील आणि आमचा हातही बसेल." उत्तर प्रामाणिक होते, आणि पुढे आम्ही तो प्रश्न काढला नाही.

दोन दिवसांत तिन्ही कामे आत सुरू झाली. येथे 'आत' हा शब्द महत्त्वाचा. या प्रणालीत पेटी ज्या आवरणात राहते त्यास 'पॉड', म्हणजे शेंग, म्हणतात. शेंग केव्हाही वाळून पडते आणि तिच्या जागी नवी येते; पण नवी येताना तिचा पत्ताही नवा असतो. म्हणून शेंगांच्या पुढे एक स्थिर पत्ता उभा करतात. त्यास 'सर्व्हिस' म्हणतात. तथापि हा पत्तासुद्धा वाड्याच्या आतला. रस्त्यावरच्या मनुष्यास तो ठाऊक नाही आणि ठाऊक असून उपयोगही नाही. बाहेरच्यांसाठी एक कच्चा मार्ग असा असतो की, ३०००० ते ३२७६७ यांमधला एखादा क्रमांक प्रत्येक कामास लावून द्यावा आणि लोकांनी तो पत्त्यापुढे लिहावा. परंतु सत्तरी उलटलेल्या एखाद्या माजी विद्यार्थिनीस "आजी, आपल्या वडिलांचा निबंध वाचावयाचा असेल तर पुढे एकतीस हजार दोनशे सत्तेचाळीस असे लिहा," असे सांगणे म्हणजे तिला दारातूनच परत पाठविणे होय.

याकरिता जो उपाय आहे त्याचे नाव 'इन्ग्रेस'. इन्ग्रेस म्हणजे प्रवेश. हा एक लेखी नियम असतो: अमुक नावाने कोणी आले तर त्यास अंकांकडे न्यावे, तमुक नावाने आले तर शोधाकडे, तिसऱ्या नावाने आले तर नोंदवहीकडे. बाहेरचा पत्ता एकच. पाकिटावरचे नाव पाहून वाट ठरावयाची. मुलाने तो नियम लिहिला. या लिखाणात ओळीच्या आधी सोडलेल्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो. कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या पोटात आहे, हे त्या जागेवरूनच कळते. ती नीट पाहण्याचे काम आमच्याकडे आले. कारण अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात आमची उभी उमर चालली आहे. आम्ही ओळ न ओळ पाहिली. नियम निर्दोष होता. प्रणालीनेही तो बिनतक्रार दाखल करून घेतला.

आणि काहीच झाले नाही.

पुन्हा पुन्हा हाक मारली तरी बाहेरून कोणी ओ देईना. नियमांची यादी मागविली की त्यात आमचा नियम दिमाखाने दिसे. नाव बरोबर, वाटा बरोबर. पण मुलगी म्हणाली, "सर, पत्त्याचा रकाना कोराच आहे." रात्री दहाच्या सुमारास आई जेवणासाठी बोलवावयास आली, तिने हे सर्व ऐकून घेतले आणि तिच्या भाषेत विचारले, "दार उकतें आसा जाल्यार भितर कित्याक वचूंक जायना?" दार जर उघडे आहे, तर आत का जाता येत नाही?

प्रश्न अगदी मुळावर होता. दार उघडे नव्हतेच. दार उघडावे असा कागद तेवढा लिहिलेला होता. कुबरनेटीसमध्ये इन्ग्रेसचा नियम ही एक गोष्ट आणि तो नियम वाचून प्रत्यक्ष वाट दाखविणारा 'इन्ग्रेस कंट्रोलर' ही दुसरी गोष्ट. पहिली प्रणालीबरोबर येते. दुसरी आपण निवडून आणून बसवावी लागते. ती नसेल तर नियम कितीही शुद्ध असो, त्याचा परिणाम शून्य. सूचनाफलकावर 'ग्रंथालय दुपारी तीन वाजता उघडेल' असे सुंदर अक्षरात लावावे आणि किल्ली घेऊन येणारा शिपाईच नेमलेला नसावा, त्यातलाच हा प्रकार. शाळेत, ग्रामपंचायतीत, मोठ्या कचेऱ्यांत असे किती नियम भिंतींवर शोभत असतील, याचा हिशेब वाचकांनी आपल्या मनाशी करावा.

दुसऱ्या दिवशी मुलांनी पहारेकरी आणला. त्या वेळी सर्वांत प्रचारात असलेला म्हणून 'इन्ग्रेस एनजिनएक्स' त्यांनी निवडला. त्याच्या पोटात जे यंत्र आहे, ते 'एनजिनएक्स', ईगॉर सिसोएव या रशियन गृहस्थांनी लिहिले आणि २००४ साली सर्वांस मोफत खुले केले. कंट्रोलर आला, उभा राहिला. परंतु त्याच्या बाह्य पत्त्याच्या जागी 'प्रलंबित' असा शब्द येऊन बसला आणि हलेना. कारण असे की, मोठ्या कंपन्यांची यंत्रे भाड्याने घेतली तर बाहेरचा पत्ता त्या कंपन्या देतात. आमच्या पुढच्या खोलीत असा दाता कोण? तेव्हा 'मेटल-एल-बी' नावाचे आणखी एक साधन बसवून घरच्या जाळ्यातील काही मोकळे पत्ते त्याच्या स्वाधीन करावे लागले. पहारेकऱ्यास देवडी मिळाली. नियमात कोणत्या पहारेकऱ्याने तो पाळावा हे सांगणारी एक ओळ असते, ती भरली. कोरा रकाना भरून आला, आणि दिलसुखनगरच्या त्या खोलीत जुन्या अंकाचे मुखपृष्ठ आमच्या साध्या फोनवर उमटले. मुलगी काही न बोलता स्वयंपाकघरात गेली आणि आईला बाहेर घेऊन आली.

पहारेकऱ्याची एक तऱ्हा आम्हांस फार आवडली. आत जाता न आल्यास तो नुसता नकार देत नाही, नकाराचे कारण अंकांत सांगतो. ज्या नावाचा नियमच त्याच्याजवळ नाही, त्या नावाने कोणी आले तर तो ४०४ म्हणतो. म्हणजे 'असे घर माझ्या यादीत नाही.' नियम आहे, पण आतली शेंग वाळून पडली आहे व नवी अजून आलेली नाही, अशा वेळी तो ५०३ म्हणतो. म्हणजे 'घर मला ठाऊक आहे, या क्षणी आत कोणी नाही.' या दोन उत्तरांत केवढे अंतर आहे! पहिल्याने आपला पत्ता तपासावा, दुसऱ्याने थोडे थांबावे. दाराशी आलेल्या मनुष्यास इतके स्पष्ट उत्तर मिळाले, तर त्याचे निम्मे हेलपाटे वाचतील.

दुसरी गोष्ट त्याहून बोधप्रद. कंट्रोलर हा एकदा वाट दाखवून झोपी जाणारा नव्हे. नियमात काय लिहिले आहे आणि प्रत्यक्षात काय चालले आहे, यांची तुलना तो अखंड करीत असतो आणि जेथे फरक पडला असेल तेथे तो दुरुस्त करतो. मुलाने एक शेंग मुद्दाम मोडून दाखविली. तांडेलाने क्षणात दुसरी उभी केली, आणि पहारेकऱ्याने तिचा नवा पत्ता टिपून घेऊन वाट तिकडे वळविली. बाहेर फोनवर निबंध वाचीत बसलेल्या आईस याची वार्ताही लागली नाही. विद्यार्थिमित्रहो, पहाटे ठरविलेले वेळापत्रक रात्री एकदा ताडून पाहण्याची सवय ज्यास लागली, त्यास याहून वेगळे काही शिकावयाचे नाही.

एवढ्यावर हा लेख संपला असता. परंतु नोव्हेंबर २०२५ मध्ये, म्हणजे आमचे दार उघडून महिनाही झाला नसेल, तोच बातमी आली. हाच इन्ग्रेस एनजिनएक्स निवृत्त होणार, मार्च २०२६ पर्यंत जमेल तशी त्याची देखभाल होईल, त्यानंतर नवी आवृत्ती नाही, दुरुस्ती नाही आणि संरक्षणाचे उपायही नाहीत, असे कुबरनेटीसच्या चालकांनी जाहीर केले. जे बसविले आहे ते चालत राहील. पण त्यात उद्या खिंडार पडले तर बुजविण्यास कोणी येणार नाही. आणि खिंडारे पडतात, हे आधी दिसलेलेच होते. मार्च २०२५ मध्ये 'विझ' या कंपनीच्या संशोधकांनी याच कंट्रोलरमध्ये शोधलेले दोष प्रसिद्ध झाले. त्यांतला सर्वांत घातक दोष धोक्याच्या दहा अंशांच्या मापनात ९.८ ठरला, त्याच्या आधारे आतल्या जाळ्यापर्यंत पोहोचलेला परका मनुष्य सबंध समूहाच्या गुप्त किल्ल्या हस्तगत करू शकत होता. तो दोष तत्काळ दुरुस्त केला गेला. पण दुरुस्ती करणारी माणसे होती म्हणून.

ही माणसे किती होती? बातमीतला हा भाग वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. जगातल्या असंख्य संस्थांच्या देवडीवर बसलेला हा पहारेकरी. पण त्याची निगा राखण्याचे काम वर्षानुवर्षे एक किंवा दोन माणसे करीत होती, तीही आपली नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी, विनावेतन. मदतीस या, अशी हाक त्यांनी घातली होती. पुरेसे लोक आले नाहीत. दार चालू होते, म्हणून ते कोणास दिसले नाही. दगडी दरवाजांचे काय आणि या दरवाजांचे काय, ते पडावयास नेहमी शत्रूच लागतो असे नाही. राखणाऱ्यांची संख्या एकावर येणे पुरेसे होते.

मुलांचा चेहरा उतरला. इतक्या हौसेने बसविलेला पहारेकरी चार महिन्यांत काढावा लागणार! मुलगा म्हणाला, "सर, चालतंय तोवर चालू द्यावं का?" त्यावर मुलीने दिलेले उत्तर आम्हांस नमूद करावेसे वाटते. ती म्हणाली, "नोंदवहीत लोकांचे पत्ते आहेत. ते आपण विश्वासाने मागून घेतलेत. ज्याची उद्या खात्री नाही, त्याच्या हाती त्यांची किल्ली कशी ठेवायची?" त्या एका वाक्याने निर्णय झाला.

नाताळच्या सुटीत त्यांनी 'ट्रेफिक' नावाचा दुसरा कंट्रोलर बसविला. आणि येथे, नियम व पहारेकरी हे दोन वेगळे ठेवण्यात केवढे शहाणपण आहे, हे आमच्या ध्यानात आले. तिन्ही वाटांचे मूळ नियम जवळजवळ तसेच राहिले. फक्त 'हा नियम कोणी पाळावा' ही ओळ बदलली. जी अडचण आली ती अन्यत्र. पहिल्या पहारेकऱ्यास समजतील अशा काही खास सूचना नियमाच्या कडेला जोडलेल्या होत्या. जणू त्याच्या कानात सांगितलेल्या गोष्टी. नव्या पहारेकऱ्यास त्या कळेनात, आणि त्या पुन्हा उलगडून लिहिण्यातच दोन रात्री गेल्या. जे सर्वांस वाचता येईल अशा शब्दांत लिहिले होते, ते टिकले. जे एकाच्याच कानात सांगितले होते, ते त्याच्याबरोबर गेले. भाषा शिकविणाऱ्या मनुष्याने हे वाक्य वहीत टिपून ठेवावे, आणि आम्ही ते टिपले.

यापुढचा टप्पाही मुलांनी आखला आहे. इन्ग्रेसच्या नियमात आता नवी भर पडणार नाही असे ठरले असून, 'गेटवे' नावाची अधिक व्यवस्थित पद्धत २०२३ च्या ऑक्टोबरात पक्की झाली आहे. तीत दाराची जागा कोणी द्यावी, दार कोणी राखावे आणि आतल्या वाटा कोणी आखाव्या, ही कामे वेगवेगळ्या माणसांकडे सोपविलेली असतात. एकाच माणसावर सारा भार येऊ नये, हे तिचे सूत्र. वर सांगितलेली बातमी ज्याने वाचली, त्यास या सूत्राची किंमत कळेल.

या सर्व खटाटोपातून निष्पन्न काय झाले, असे पालकांपैकी कोणी विचारील. यंत्रे तीनच आहेत, तीही जुनी. तथापि जानेवारीत परगावाहून एका वृद्ध बाईंचे पत्र शाळेत आले. त्यांच्या थोरल्या भावाने शाळकरी वयात लिहिलेला, मुसी नदीवरील निबंध त्यांना आमच्या शोधातून सापडला होता. भाऊ आता हयात नाहीत. 'अक्षर मुद्रित असले तरी बोलणे त्याचेच आहे,' असे बाईंनी लिहिले होते. त्या बाईंना कंटेनर, शेंग, तांडेल, पहारेकरी यांतले काही ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. त्या नाव लिहून आत गेल्या, आणि ज्यासाठी आल्या होत्या ते त्यांना भेटले.

परराज्यात मराठी शाळा चालविणे, हेही असेच देवडीवर बसण्याचे काम आहे. आमच्यासारख्या कोकणी बोलणाऱ्याने तेलुगू मुलुखात मराठी शिकवावी याचे काहींना नवल वाटते. आम्हांस वाटत नाही. आत काय आहे ते ज्यास ठाऊक आहे आणि बाहेरून येणाऱ्याचे नाव ज्यास नीट ऐकू येते, त्याने तेथे बसावे. शाळेची घटना आहे, नियम आहेत, सूचनाफलक आहे. या सर्वांस वाचून दाखविणारी माणसे पुरेशी आहेत का, एवढाच प्रश्न दरवर्षी नव्याने विचारावयाचा असतो.

तूर्त व्यवस्था अशी आहे. तिन्ही यंत्रे आता दिलसुखनगरहून शाळेच्या संगणकखोलीत हलविली आहेत. दाराच्या नावाची खात्री पटविणारे एक प्रमाणपत्र असते. त्याची मुदत ९० दिवसांची. ते आपोआप नवे होते. परंतु झाले की नाही, हे माणसाने पाहावे असे ठरले आहे. नवी आवृत्ती आली का, कोठे ५०३ तर येत नाही ना, हे दर सोमवारी मधल्या सुटीत पाहावयाचे. या कामासाठी आठवी व नववीतील चार मुले हवी आहेत. दोन पुरेशी नाहीत, याचे कारण वर आलेच आहे. संगणकखोलीच्या दारावर कोरा तक्ता लावला आहे. इच्छुकांनी त्यावर आपले नाव सुवाच्य अक्षरात लिहावे.